एकशे साठ पोफळींना चुना

३ नोव्हेंबर १९५७, रविवार, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. हजारो पेशंटांची मिक्श्चरं ढवळली, पण स्वतःची एक ओळ कधी लिहून ठेवली नाही. रिटायर झाल्यावर आता मोठी केस हाती आली आहे. नोंद हवीच.

पेशंट: एकशे साठ. सगळ्या पोफळी. सोळा ओळी, ओळीत दहा. वय सव्वा वर्ष.

मालक: धर्मा. माझी धाकटी बहीण कोकिळा, तिचा नवरा. मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत काम करतो. गेल्या वर्षी पावसात खाडीच्या बांधाआडच्या तुकड्यावर स्वतःच्या हातांनी ही रोपं लावली आणि गेला. जाताना म्हणाला, "दादा, ही जगली की मी पुन्हा समुद्रावर जाणार न्हाय." कोकिळेच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, जगतील. मी आहे ना.

लक्षणं: पानं पिवळी. टोकं करपलेली. नवीन कोंब काडीसारखा.

उपासमार नक्की नाही. एप्रिलात मी वाडीतले चर कमरेइतके खोल करून घेतले. खालून काळा चिखल निघाला, लोण्यासारखा. सडक्या अंड्याचा वास. इतका घाणेरडा वास ज्याला, ते खत उत्तमच असणार. प्रत्येक रोपाच्या बुडाशी चार-चार टोपल्या घातला. तेव्हा पोषण भरपूर. रोग दुसरा आहे.

निश्चय: रोज सकाळी सहाला राउंड. प्रत्येक रोपाचा स्वतंत्र चार्ट.

५ नोव्हेंबर

राउंड साडेनवाला झाला. एकशे साठ चार्ट म्हणजे फार कागद. ओळीला एक पुरे.

१० नोव्हेंबर

निदान झालं!

चरातलं पाणी तांबडं झालंय, वर तेलकट पापुद्रा. माझ्याकडे दवाखान्यातला लिटमस उरला होता. निळा कागद बुडवला, क्षणात लाल. आम्ल. म्हणजे ॲसिडिटी. सव्वीस वर्षांत हा रोग मी जितका पाहिला तितका अलिबागच्या सिव्हिल सर्जननंही पाहिला नसेल.

औषध ठरलेलं: चुना. पोटाला चुन्याची निवळी, जमिनीला चुना. सुपारीची आणि चुन्याची गाठ शेवटी पानात पडतेच. मी ती थोडी आधी घालतोय, इतकंच.

कोकिळेला समजावून सांगितलं. ती विहिरीवर पाणी शेंदत होती. म्हणाली, "दादा, झाडाला पोट कुठं असतं?" शिक्षण चौथीपर्यंत. राग धरला नाही.

तरी रीतसर चाललेलं बरं म्हणून जमिनीची माती मिक्श्चरच्या बाटलीत भरून जिल्ह्याच्या शेतकी कचेरीला पाठवली. सोबत केसची हिस्टरी, चिखलाच्या खतासकट, चार पानं.

धर्माला पत्र लिहिलं. कोकिळेचं पत्र मीच लिहितो. लिहिलं: वाडीची प्रकृती उत्तम, किरकोळ ॲसिडिटी. मग 'किरकोळ ॲसिडिटी' खोडलं. समुद्रावरच्या माणसाला काळजी कशाला.

१५ डिसेंबर

रिपोर्ट आला. मराठीत, टाईप केलेला. निदान बरोबर! जमीन अति आम्ल. आम्लामुळे मातीतलं ॲल्युमिनियम आणि लोखंड विरघळतं आणि मुळांना विष होतं. उपाय: चुना.

नलूला दोनदा वाचून दाखवलं. बायको म्हणून तिला अभिमान वाटायला हवा होता. भाकरी उलटत म्हणाली, "मग घाला."

ॲल्युमिनियम विषारी हे कळल्यावर घरातली ॲल्युमिनियमची पातेली माळ्यावर टाकायला सांगितली. नलू म्हणाली, पातेल्यात भात शिजतो, पोफळी नाही. पातेली जागेवर.

रिपोर्टात पुढे बारीक सूचना आहेत. एक: आधी रोपाभोवतीचा काळा चिखल खरवडून काढून टाकावा. हा टाईप करणाऱ्याचा हस्तदोष, 'टाकावा' एवढंच असणार. तो मी टाकलेलाच आहे. दोन: चुना विरवून निदान दोन महिने मुरलेला असावा. तीन: रोपाला अर्धा शेर, बुंध्यापासून दीड हात लांब, मातीत मिसळून. निम्मा आता, निम्मा पावसानंतर.

अर्धा शेर! सरकारी माणूस नेहमी भीत भीत डोस लिहितो, म्हणजे काही झालं तर त्याच्यावर येत नाही. डॉक्टर असेच करायचे. पेशंट बरा व्हायचा तो मी हात सैल सोडायचो म्हणून.

डोस: दोन शेर. बुंध्याशी. मुळं तिथंच असतात.

२२ डिसेंबर

चुन्याच्या भट्टीवर गेलो. भट्टी ठमाबाईची. खाडीच्या तोंडाशी शिंपल्यांचे ढीग, धूर, आणि मधे ही बाई, वय साठीचं, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. नवरा गेल्यापासून भट्टी तीच चालवते.

तिला म्हटलं, ताजा चुना हवा. ती म्हणाली, "कंपोंडर, ह्यो कळीचा हाय. पानी लागलं का उकाळतो. झाडाला ह्यो न्हाय चालत. त्या खड्ड्यात जुना इरवलेला हाय, तो ने."

जुना म्हणजे एक्स्पायर झालेला. मी दवाखान्यातला माणूस, जुना माल घेईन होय? ताजाच घेतला, आठ मण. ती हसली. बायकांना रसायनशास्त्र पटवणं अवघड.

२ जानेवारी १९५८

नव्या वर्षाची सुरुवात उपचारानं करायची होती. एक तारखेला अमावास्या-पौर्णिमा काही नव्हतं, पण कंटाळा आला. आज केली.

गडी बुधाजी. धर्माच्या वडिलांच्या वेळचा माणूस, पायानं जरा अधू, पण कामाला खरा.

सकाळी कोकिळा आडवी आली. म्हणाली, दादा, विहिरीकडच्या तीन ओळी माझ्याकडे राहू दे. तू त्यांना हात लावू नको. मी विचारलं, का? म्हणाली, "असंच." दिल्या. बायकांना हौस असते. तीस पेशंट तज्ज्ञ देखरेखीशिवाय राहणार, याची नोंद असावी. उरलेले एकशे तीस माझ्याकडे.

मग अपघात झाला. चुना थोडा ओला करून टाकावा म्हणून बुधाजीला पिंपात पाणी ओतायला लावलं. पिंप गुरगुरलं आणि उसळलं. चुना बुधाजीच्या पोटरीवर. ओरडला तो आवाज अजून कानात आहे. मी लगेच पाणी ओतलं, तेल लावलं, पट्टी बांधली. पट्टी सुरेख बसली. तसं सांगितलं त्याला. तो लंगडत घरी गेला.

उरलेला चुना सुकाच टाकला, मग वरून पाणी. प्रत्येक बुंध्यातून वाफ निघत होती. एकशे तीस वाफा. पाहून छाती भरून आली.

३ जानेवारी

बुधाजी आला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. प्रगती चांगली. झाडं जुनी पानं टाकायला लागली. शरीर साफ होण्याचं लक्षण. एरंडेल दिल्यावर पहिले दोन दिवस पेशंटही अशक्त वाटतोच.

बुधाजीच्या घरी तिळगूळ घेऊन गेलो. पोटरी चिघळली आहे. ड्रेसिंग केलं. त्याची बायको सगुणा दाराआड उभी राहून म्हणाली, "आता आमाला बरं करायला येऊ नका." मी म्हटलं, तिळगूळ घ्या. घेतला.

धर्माला पत्र: उपचार सुरू केल्यापासून वाडीचं रूप पालटलं.

हे खोटं नाही.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. गुरुजींनी भाषणात शेतीत विज्ञान आणा म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नम्रपणे खाली पाहिलं.

वाडीत जमिनीवर पांढरी साल धरली आहे, पापडासारखी. पायाखाली मोडते. अकरा रोपं वाळली. यांची प्रकृती मुळात नाजूक होती.

निश्चय: दुसरा डोस. कमी पडला असणार.

९ फेब्रुवारी

भट्टीवरून आणखी चुना आणून दुसरा डोस एकट्यानं दिला. पंचक्रोशीत एक गडी यायला तयार नाही. मला बघून रस्ता बदलतात. हाताच्या बोटांची सालं गेली. पेन धरवत नाही म्हणून आज थोडक्यात.

कोकिळा बांधावरून बघत होती. म्हणाली, "दादा, पुरे कर." मी म्हटलं, अर्धवट सोडलेला कोर्स सगळ्यात वाईट.

२३ फेब्रुवारी

वाळलेली: ४४.

नलू म्हणाली, पेशंट गेल्यावर चार्ट लिहितात का हो? तिच्याशी दोन दिवस बोलणार नाही.

धर्माला पत्र: लोक वाटेत थांबून वाडीकडे बघतात.

थांबतात. खरं आहे.

४ मार्च

वाळलेली: ७१. झोप नाही. ओळी सहा ते दहा पूर्ण गेल्या. काल एक रोप हलवून पाहिलं, ते हातात आलं. मुळं आखूड, जाड, टोकं काळी पडलेली, पेटवून विझवलेल्या वातीसारखी. रोप पुन्हा होतं तसं उभं केलं आणि माती दाबली. का, माहीत नाही.

पण आशेची बातमी! कोकिळेच्या तीन ओळी हिरव्या आहेत. खरंच हिरव्या. नवे कोंब, हातभर पानं. विचार केला आणि कारण सापडलं: माझा चुना झिरपत झिरपत तिकडे पोचला. म्हणजे औषध बरोबर, फक्त दुरून काम करतं.

शेतकी साहेबांना पत्र टाकलं: उपचार यशस्वी, प्रत्यक्ष पाहायला यावे.

२३ मार्च

धर्माचं पत्र आलं. पोस्टाचा शिक्का आफ्रिकेचा.

कोकिळेला वाचून दाखवायला बसलो. अंगणात. ती मिरच्या वाळत घालत होती. पत्र असं: "दादांच्या प्रत्येक पत्रातून वाडी डोळ्यांपुढे उभी राहते. इंजिनखोलीत झोपायच्या आधी मी सोळा ओळी मोजतो. दादांचे उपकार फिटणार नाहीत. कंपनीला कळवलं, आता पुढचा करार करणार नाही. माझ्या जागी दुसरा माणूस घेतलाही. मुंबईला उतरलो की सरळ घरी. मे महिन्यात. आता कायमचा."

वाचताना माझा आवाज शेवटी बसला. सर्दी झाली आहे.

कोकिळेचा हात मिरच्यांवर तसाच राहिला. मग विचारलं, "दादा, तू त्यांना काय लिहीत होतास?"

मी म्हटलं, मी भविष्यकाळात लिहिलं, त्यानं वर्तमानकाळात वाचलं.

ती म्हणाली, "रोज वाडीत मी तुझ्यासमोर मेलेली रोपं बघत होते. आणि तू माझ्या नावानं हे लिहीत होतास?"

मी पत्राची घडी घालत राहिलो. घडी नीट पडेना.

आज तार करावी का? पण बोट निघाली. आणि तारेत इतकं मावणार नाही.

२४ मार्च

तार मावली असती. 'वाडी गेली.' दोन शब्द. पोस्टात गेलो, फॉर्म घेतला, पत्ता आठवेना असं पोस्टमास्तरला सांगितलं आणि परत आलो.

३० मार्च

विचार करून योजना पक्की केली. दिवेआगरला पोफळीची दोन वर्षांची रोपं मिळतात. मेलेल्यांच्या जागी ती लावायची. मे यायला महिना आहे. मुळं धरतील. धर्माला फरक कळणार नाही. सगळ्या पोफळी एकसारख्याच दिसतात.

हे खोटं नाही, ट्रान्सफ्यूजन आहे. पेशंटाला दुसऱ्याचं रक्त देतातच.

६ एप्रिल

पहिली खेप: बैलगाडीनं साठ रोपं आणली. ऊन असं की गाडीवानानं डोक्यावर ओला पंचा घेतला. रोपांवर घ्यायला पंचा नव्हता. घरी पोचेपर्यंत निम्मी लोळली.

वाडीच्या तोंडाशी कोकिळा उभी. फाटक लावलेलं. म्हणाली, "दादा, माझ्या नवऱ्याला फसवू नकोस."

मी म्हटलं, कोकी, त्याला वाईट वाटू नये म्हणून करतोय.

"त्याला वाईट वाटू नये म्हणून का तुला वाटू नये म्हणून?"

ती लहानपणापासून असंच बोलते. आईचं लाडकं शेंडेफळ. गाडीवान सगळं ऐकत होता. रोपं माझ्या घरी परसात उतरवली. नलूनं त्यांच्यावर सावली म्हणून जुनं लुगडं टाकलं.  हे तिचं जास्त लागतं.

१३ एप्रिल

शेतकी साहेब आले. बोलावलं मीच, आता नको म्हणायला वेळ नव्हता. वय तिशीच्या आत, मोटारसायकल, बुटांवर धूळ. म्हटलं, पोराला आधी हिरव्या ओळी दाखवू, मग चहा, मग निघेल.

हिरव्या ओळी पाहून खूश झाला. विचारलं, इथं डोस किती दिला? मी म्हटलं, दोन शेर, दोनदा, कळीचा. तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बसला, मातीत बोट घातलं, वास घेतला. म्हणाला, "इथं तुम्ही काही टाकलेलं नाही."

मागून कोकिळा म्हणाली, "तिथं मी टाकलाय, साहेब. तुमचा कागद दादानं फळीवर ठेवला होता. मी हळूहळू लावून लावून वाचला. आधी काळा चिखल खरवडून काढला, चरात परत टाकला. मग ठमामावशीकडनं खड्ड्यातला जुना चुना आणला, अर्ध्या शेराचा पाव शेर, दीड हातावर, मातीत मिसळून. बाकीचा पावसानंतर घालीन."

साहेबानं टोपी काढली. खरंच काढली. तिचं नाव वहीत लिहून घेतलं. मला म्हणाला, आता तुमच्या ओळी दाखवा.

दाखवल्या.

तो बराच वेळ फिरला. काळ्या चिखलाचा सुकलेला गोळा फोडला, आत पिवळे डाग. विचारलं, हा चिखल बुंध्याशी कुणी घातला? मी म्हटलं, मी. खत म्हणून. चरही मीच खोल केले.

मग त्यानं सांगितलं. शाळेत सांगतात तसं, हळू. खाडीचा हा चिखल पाण्याखाली आहे तोवर गरीब असतो. वर काढून वारा लागला की त्याचं ॲसिड होतं. ॲसिडनं मातीतलं ॲल्युमिनियम सुटतं आणि मुळं जाळतं. धर्मानं वरच्या वर माती चढवून लावली होती, ते बरोबर होतं. खाली हात लावायचा नव्हता.

"म्हणजे रोग..." मी म्हटलं.

"रोग टोपलीनं घातलात," तो म्हणाला. "आणि मग जी मुळं उरली ती कळीच्या चुन्यानं भाजली."

चहा न घेता गेला. तरुण पिढीला शिष्टाचार नाही.

१३ एप्रिल, पुन्हा

वरचं शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे. चहा कोकिळेनं दिला होता, तो त्यानं घेतला. मीच घेतला नाही.

१४ एप्रिल

रिपोर्ट पुन्हा वाचला. 'काढून टाकावा.' टाईप करणाऱ्याची चूक नव्हती.

२० एप्रिल

बुधाजीकडे गेलो. पोटरी भरून आली, पण कातडं आवळलंय. आधीच अधू पाय, आता काठी लागते. मला पाहून उठायला लागला, मी बस म्हटलं. म्हणालो, बुधाजी, चुकलं. तो म्हणाला, "व्हय." इतकंच. मग त्यानं विचारलं, धर्मा कधी येतोय? मी सांगितलं. तो म्हणाला, "त्याला सांगायला कोन जानार?"

मी म्हटलं, मीच.

निश्चय: धर्माला सगळं खरं सांगायचं. आधी मी, मग बाकीचे. भाषण लिहून काढतो.

५ मे

भाषणाचा मसुदा सात पानं. पहिल्या पाच पानांत हवामान, जमिनीचा इतिहास, सरकारी सूचनांतली संदिग्धता. नलूला वाचून दाखवलं. तिनं सहावं पान काढून माझ्या हातात दिलं. त्यावर एकच ओळ होती: चूक माझी. म्हणाली, "एवढंच पुरे आहे."

माझ्या परसातली साठ रोपं: चार जिवंत. नलू रोज त्यांना पाणी घालते.

१८ मे, रविवार

धर्मा आला.

दिघीच्या धक्क्यावर मी आणि कोकिळा. बोट लांब उभी राहते, मचव्यातून उतरवतात. तो उतरला. काळा पडलाय, केस पांढरे झालेत, पण हसू तेच. खांद्यावर रबरी नळीचं वेटोळं, मोठं, लाल. "वाडीला पाणी शिंपायला," म्हणाला. "विहिरीपासून सोळाव्या ओळीपर्यंत पुरेल. मापून घेतलीय."

मी सहावं पान खिशात चाचपलं. कोकिळेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, प्रवास कसा झाला?

वाटेत गाडीत मी बोललो. बंदराबद्दल, नव्या पैशांबद्दल, शाळेच्या नव्या खोलीबद्दल. तो ऐकत होता. नळी मांडीवर होती.

घरी न जाता सरळ वाडीत गेला. आम्ही मागे. फाटकात थांबला. पहिल्या तीन ओळी हिरव्या, त्यापुढे पांढरी जमीन आणि काड्या. तो ओळीओळीनं चालत शेवटपर्यंत गेला. शेवटच्या ओळीत उकिडवा बसला. जमिनीवर हात ठेवला. बराच वेळ उठला नाही.

परत आला तेव्हा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "दादा, तुमच्या पत्रातली वाडी कुठंय?"

सात पानं पाठ होती. एक शब्द आला नाही.

कोकिळा म्हणाली, "मी सांगते." आणि सांगितलं. चिखल, चुना, बुधाजीचा पाय, पत्रं. काही वाढवलं नाही. काही झाकलंही नाही. मी तिथंच उभा होतो. दुसऱ्याची केस ऐकावी तसं ऐकलं.

मग तिनं त्याला तीन ओळी दाखवल्या. एकेका रोपापाशी थांबून. तीसपैकी सत्तावीस. तो प्रत्येक पानाला हात लावत होता. शेवटच्या रोपाशी तो रडला. ती नाही रडली. तिनं त्याच्या खांद्यावरची नळी उतरवून घेतली.

मी घरी आलो.

२१ मे

धर्मानं कंपनीला तार करून विचारलं. त्याची जागा भरली. दुसऱ्या एका मुंबईच्या बोटीवर माणूस हवाय, कळवणारा त्याचाच जुना सोबती. दोन वर्षांचा करार. सत्तावीस पोफळी फळ धरायला अजून पाच-सहा वर्षं. त्यावर घर चालत नाही.

म्हणजे जाणार.

मी त्याला म्हटलं, माझ्या पेन्शनीतून... तो म्हणाला, "नको दादा." रागानं नाही. दार हळूच लावावं तसं.

२७ मे

पावसाळ्यात बोटी बंद होतात, त्याआधीची शेवटून दुसरी. त्यानं ती पकडली. नऊ दिवस घरी राहिला.

त्या नऊ दिवसांत तो आणि कोकिळा पहाटेपासून वाडीत. शेवटच्या दोन ओळींतला काळा चिखल काढून चरात टाकला आणि चराला पुन्हा पाणी सोडलं. बुधाजी बांधावर बसून सांगत होता, इथं, तिथं. ठमाबाई डोक्यावरून जुना चुना घेऊन आली, स्वतः, न सांगता. मी लांबून पाहिलं. मला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

आज धक्क्यावर गेलो. ठरवून गेलो होतो: माफी. एक शब्द. मचव्यात पाय ठेवायच्या आधी धर्मा माझ्याकडे वळला, थांबला. वाट बघितली त्यानं. मला दिसलं की तो वाट बघतोय.

मी म्हटलं, "पावसानंतर पाव शेर पुरेल. त्याहून जास्त नको."

तो मान हलवून उतरला.

मचवा लांब जाईपर्यंत कोकिळा उभी होती. मग चालायला लागली. मी मागून. सहा मैल. ती एकदाही मागे वळली नाही आणि चालणं हळूही केलं नाही, तरी मला गाठता आलं असतं.

३१ मे

सकाळी सहाला वाडीत गेलो. कोकिळा आधीच तिथं. मी विचारलं, काय करू?  तिनं टोपलीकडे बोट दाखवलं.

चवथ्या ओळीतला चिखल. माझ्या ओळींतली पहिली. वाळलेली रोपं काढायची, खाली वीतभर खरवडायचं, टोपली भरायची, चरातल्या पाण्याखाली सोडायची. दोन टोपल्यांनंतर मी सांगायला लागलो की पाण्याखाली गेल्यावर हवा बंद होते आणि त्यामुळे...

ती म्हणाली, "दादा, बोलू नकोस. उचल."

दुपारपर्यंत सहा रोपांच्या जागा साफ झाल्या. चिखलाच्या तेवीस टोपल्या. पाठ मोडली. बुधाजी बांधावरून म्हणाला, कडेचा राहिलाय.

राहिला होता. काढला.